एकटीसाठी फिरती खोली : ईको, ट्रॅव्हलर की आणखी काही? (कोकण किनारा, बजेट ४ लाख)

अबोली_चिपळूण | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

३१ मे ला माझी नोकरी संपली. लेक पुण्यात आपल्या संसारात. घरात मी आणि एक मांजर, आणि ते मांजरही शेजाऱ्यांकडेच जास्त असतं. बत्तीस वर्षं चिपळूण-गुहागर एसटीच्या खिडकीतून जे रस्ते डावी-उजवीकडे फुटताना पाहिले, त्यांच्या टोकाला काय आहे ते बघायचं राहून गेलंय.

बेत असा : दिवाळीनंतर निघायचं. आधी सागरी महामार्गाने रेवस ते रेडी, घाई न करता, महिना-दीड महिना. ते जमलं तर तसंच खाली कारवार, गोकर्ण, आणि ६६ नंबरचा हायवे जिथे संपतो त्या कन्याकुमारीपर्यंत. रात्री गाडीतच झोपायचं. स्वयंपाक म्हणजे चहा, पेज, फार तर खिचडी.

माझी उंची ५ फूट २ इंच. वीस वर्षं मारुतीची छोटी गाडी चालवली आहे, मोठी कधीच नाही. गाडी, आतलं सुतारकाम, विमा सगळं धरून ४ लाख. त्यावर एक पैसा चढणार नाही. लेकीने देऊ केलेत, मला नकोत.

डोळ्यासमोर आहे ती जुनी ईको, मारुतीची छोटी व्हॅन. मग जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर, त्या मिनीबससारख्या उंच गाड्या, म्हणजे आत उभं तरी राहता येईल. ओळखीतल्या एकांची बोलेरो विकायची आहे, तिच्या टपावर तंबू लावता येईल म्हणतात. आणि भाचा म्हणतो, मावशी छोटा टेम्पो घे, मागे खोका बांधू.

व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. सगळ्यांच्या गाडीत दिव्यांच्या माळा आणि पांढऱ्या उशा. कोकणातल्या पावसात पांढरी उशी चौथ्या दिवशी कशी दिसते ते त्यांना कुणीतरी दाखवायला हवं.

चहाबाज | १२ सप्टेंबर, रात्री १०:०२

वाचतोय. जागा धरून बसलो.

हिशेबी_काका | १२ सप्टेंबर, रात्री १०:३१

मोडता घालत नाही, नुसता हिशेब मांडतो. कोकणात घरगुती खोली आठशे रुपयांत मिळते, हंगाम सोडला तर घासाघीस करून कमीही. चार लाख भागिले आठशे म्हणजे ५०० रात्री! तेवढ्या रात्री गाडीत झोपणार आहात का? वर डास, घाम आणि आंघोळीची पंचाईत. आहे तीच छोटी गाडी घेऊन निघा की.

अबोली_चिपळूण | १२ सप्टेंबर, रात्री १०:५०

काका, हिशेब बिनचूक आहे. पण खोली घेतली की चेक-इन, चेक-आउट, जेवणार का, किती जण, एकट्याच का, मिस्टर कुठेत, हे रोज. आणि मला पहाटे साडेपाचला चहा लागतो, तो कुठल्याही खोलीत मिळत नाही. शिवाय पाचशे रात्रींनंतर तुमच्या खोलीचे परत किती येतात? गाडीचे निदान निम्मे तरी येतील.

हिशेबी_काका | १२ सप्टेंबर, रात्री १०:५५

साडेपाचच्या चहापुढे आमचं गणित फिकं. माघार.

सडाफटिंग | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

अबोलीताई, माझ्याकडे तीन वर्षं ट्रॅव्हलर होती. आता नाही. का नाही ते सांगतो.

आत उभं राहता येतं या एका मोहापायी घेतली. सुख खोटं नाही. पँट उभ्याने घालता येणं ही काय चीज आहे ते महिनाभर बसून घातल्याशिवाय कळत नाही. पण त्या दोन फूट उंचीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. आपल्याकडे हायवे सोडला की वाड्यांचे रस्ते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर कलमांच्या फांद्या, मध्येच कुणाच्या तरी नळाला लावलेली झोळ पडलेली वायर. केळशीला एका पाखाडीसारख्या रस्त्यात शिरलो आणि समोरून वाळूचा डंपर. चारशे मीटर मागे घेतली. पाच माणसं पाच बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करत होती आणि सहावा म्हणाला "बस" तेव्हा मागची काच गडग्याला टेकलेली होती.

दुसरं फेरीबोटींचं. सागरी रस्त्याने जाणार म्हणजे आगरदांडा-दिघी, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड हे सगळं येणार. भरतीला मजेत चढता. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो, आणि लांब गाडीचं शेपूट तिथे खरवडतं. छोट्या गाडीला हे दुखणं नाही.

तिसरं, डिझेल आणि टोल. टोलला ती कारमध्ये बसत नाही, मिनीबसच्या रांगेत जाते. आणि पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, घेतलीत तर फिटनेस, टॅक्स आणि कागद. माझे कागद बदलण्यात चार महिने गेले. तेवढ्यात माझा हंगाम संपला.

विंगर त्यातल्या त्यात बरी. इंजिन पुढच्या चाकांना ओढ देतं, त्यामुळे आतली जमीन खाली आणि सपाट. पण चार लाखांत जी विंगर मिळेल ती आधी कुणीतरी पुरेपूर पिळलेली असणार.

पाना_पक्कड | १३ सप्टेंबर, दुपारी १:४०

माझं गॅरेज आहे, कणकवलीच्या अलीकडे. सडाफटिंग यांना अनुमोदन. माझं मत ईको. आता कारणं.

१२०० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ओढ. सामान भरल्यावर घाट चढताना वजन मागे येतं तेव्हा चाक पकडतं. दोन्ही बाजूंना सरकती दारं, गडग्याला चिकटून उभी केली तरी उतरता येतं. मागचं दार वर उघडतं, म्हणजे पावसात चहा करायला आपोआप पडवी तयार. ट्रॅव्हलरचं दार बाजूला उघडतं, तिथे ताडपत्री बांधत बसा. तेरा इंची टायर आणि क्लचप्लेट तालुक्याच्या गावात मिळतात. गाडी बंद पडली तर भरपूर मेकॅनिकांनी ती डोळे मिटून उघडलेली असते. एकट्या माणसाला याहून मोठी सोय नाही.

वाईट गोष्टही सांगतो. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. दिवसभर चालवून रात्री लगेच झोपलात तर ती ऊब दोन तास वर येत राहते. मुक्कामाला चारलाच पोचा, दारं उघडी टाका, मग झोपेपर्यंत निवते. ॲव्हरेज कंपनी कागदावर नव्या इंजिनला १९ च्या पुढे सांगते, जुन्याला सोळाच्या आसपास, भरलेल्या गाडीला एसी लावून घाटात १४ आले तरी देवाला नारळ द्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : गंज. किनाऱ्यावरची गाडी वरून कितीही चकचकीत असो, चटई टाकून खाली झोपा. मोबाइलची बॅटरी लावा. सरकत्या दाराच्या खालची पट्टी, पायरीची आतली बाजू, जॅक लावायची जागा, मागच्या चाकाच्या वरची कमान. तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ, टोक नाही, हळू ठोका. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर पत्र्याच्या जागी नुसता रंग आहे. ताजा काळा कोट मारलेला दिसला तर जास्त संशय घ्या. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात कुणी हौसेने पोट रंगवत नाही.

निळी_छत्री | १३ सप्टेंबर, दुपारी ३:१२

ईकोची एवढी आरती चालली आहे म्हणून दुसरी बाजू. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) चाचणीत ईकोला शून्य तारे मिळाले होते. ती बिनएअरबॅगची होती. पुढे नाक जवळजवळ नाहीच, धडक बसली तर चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यात फार काही नसतं. बाईमाणूस एकटी हायवेवर, म्हणून काळजीने लिहिलं.

पाना_पक्कड | १३ सप्टेंबर, दुपारी ३:४०

मुद्दा बरोबर, नाकारत नाही. म्हणूनच जुनी घेताना २०२० किंवा पुढची बघा. त्यात चालकाला एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकत नाहीत ती सोय) आहे. २०१५-१६ ची पाऊण लाखाने स्वस्त मिळेल, पण ते पाऊण लाख कशाचे वाचतायत ते लक्षात घ्या. आणि रात्री चालवू नका. ६६ वर रात्री समोरचे दिवे डोळ्यात येतात आणि वळवलेला रस्ता कुठे सुरू होतो ते खड्ड्यात गेल्यावर समजतं.

कलमबहाद्दर | १३ सप्टेंबर, रात्री ९:०५

वकिली करतो, त्यामुळे रुक्ष लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : आरसीवर जे लिहिलंय आणि गाडी बनवणाऱ्याने जे ठरवलंय, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. तेव्हा भाच्याचा टेम्पो आणि खोका आजच बाद करा. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत माणसाने राहायचं म्हणजे पोलिसांनाही प्रश्न आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही.

मालवाहू ईको स्वस्त दिसते आणि आत मोकळी असते, तिलाही हाच नियम. पांढऱ्या पाटीची, पाच सीटची घ्या. पलंग म्हणजे सामान, असं समजा. ठोकलेला नको, वेल्ड केलेला नको, उचलून बाहेर ठेवता येईल असा. छताला भोक पाडू नका. मागचं सीट काढणं हेसुद्धा काटेकोर वाचलं तर वादाचंच, म्हणून ते जपून ठेवा, बोल्टांसकट, पासिंगच्या वेळी परत बसवता येईल असं. विमा कंपनीला काय करताय ते लेखी कळवा.

पांढऱ्या पाटीचा आणखी एक फायदा : २०२५ च्या १५ ऑगस्टपासून खासगी कार-जीप-व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे, सुरुवातीला ३००० रुपयांत २०० फेऱ्या, राष्ट्रीय महामार्गांवर. कन्याकुमारीपर्यंत जाऊन याल तर उपयोगी पडेल.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, ते वाचून हुरळून जाऊ नका. ते मुख्यतः व्यवसाय म्हणून कॅराव्हॅन चालवणाऱ्यांसाठी आहे.

चहाबाज | १३ सप्टेंबर, रात्री ९:२०

पलंग म्हणजे सामान! आमच्या घरी झोपलेला माणूसही सामानच समजतात.

अबोली_चिपळूण | २१ सप्टेंबर, रात्री ८:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅव्हलर, टेम्पो दोन्ही डोक्यातून काढले. बोलेरो पाहिली. गाडी दणकट, पण टपावरच्या तंबूत शिडीने चढायचं आणि रात्री दोनदा उतरायचं, गुडघे नाही म्हणाले.

एक ईको मिळते आहे. २०१८ ची, एमएच-०८, फक्त बत्तीस हजार किलोमीटर. मागतायत २ लाख १० हजार. आतून सीटकव्हरं नवी, वास छान. विकणारा म्हणतो वडील आजारी होते म्हणून वापर झाला नाही. उद्या टोकन देऊन टाकू का? हातची जाईल असं वाटतंय.

पाना_पक्कड | २१ सप्टेंबर, रात्री ८:१८

थांबा!!

गाडी चिपळूणचीच का? २२ जुलै २०२१ ला, चिपळूणच्या महापुरात, कुठे होती ते विचारा. आणि उत्तरावर विसंबू नका. उद्या जाऊन सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी अडेपर्यंत. पट्ट्याचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तो कुणी धूत नाही. मग पायाखालचं मॅटिंग उचला, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डॅशबोर्डच्या खाली हात घालून वायरिंगच्या जोडावर बोट फिरवा.

अबोली_चिपळूण | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

ओढला.

मागचा डावा पट्टा. पहिली दोन हात पट्टी काळी स्वच्छ. नंतर एक रेघ, आडवी, जशी आमच्या हॉलच्या भिंतीवर अजून आहे तशीच, आणि तिच्यापुढे सगळा पट्टा मातकट. नखाने खरवडला तर भुकटी पडली. २०२१ च्या पुराचा नाही, कालचाच वाटावा असा तो वाशिष्ठीचा गाळ. मॅटिंगखाली सीटचे बोल्ट तपकिरी. वास छान होता तो कशाचा तेही मग कळलं, सीटखाली अत्तराच्या तीन डब्या चिकटवलेल्या होत्या.

स्वतःच्या घरात छातीपर्यंत पाणी पाहिलेली बाई मी, आणि मला सुचलं नाही. विकणाऱ्याला काही बोलले नाही. पट्टा तसाच बाहेर लोंबता ठेवला आणि निघून आले.

सडाफटिंग | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४१

पानापक्कड साहेब, दंडवत घ्या.

पाना_पक्कड | २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

बत्तीस हजार किलोमीटर खरेही असतील. पाण्यातून निघालेली गाडी उभीच राहते ना.

ताई, गाडी घाटावरची घ्या. कराड, सातारा, सांगली बाजूची. तिकडच्या गाडीचं पोट बघा आणि आमच्या मालवणची बघा, एकाच वर्षाच्या दोन बहिणी वाटणार नाहीत. कोकणात आणल्यावर पहिलं काम, पोटाला गंजरोधक कोट, धुऊन, पूर्ण सुकवून, मगच. ओल्यावर मारला तर ओल आत कोंडते आणि गंज जास्त भराभर खातो. आणि किनाऱ्यावर मुक्काम असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा.

एकटीच_जाते | २३ सप्टेंबर, सकाळी ११:००

अबोलीताई, मी दोन हिवाळे एकटी फिरले आहे, वेगळ्या गाडीने, म्हणून गाडीवर बोलत नाही. झोपण्यावर बोलते.

गाडी घेताना एक परीक्षा नक्की घ्या. मागे आडव्या पडा, आणि खाली न उतरता स्टेअरिंगवर पोचता येतं का बघा. विकणारा हसेल, हसू दे. रात्री दोनला कुणी काच वाजवली तर दार उघडून, वळसा घालून चालकाच्या सीटवर जायचं नसतं. दिवा न लावता बसायचं आणि निघायचं. म्हणून गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून लावायची, किल्ली कायम एकाच खिळ्याला. मला दोन वर्षांत एकदाच निघावं लागलं, आणि तेही एका बैलामुळे. तो गाडीला अंग घासत होता.

समुद्राकाठी एकटं झोपू नका, चित्र कितीही सुंदर असो. मी देवळांच्या आवारात विचारते. हेदवी, वेळणेश्वर, कुणकेश्वर, विचारल्यावर कुणी ना कुणी जागा दाखवतं. नाहीतर घरगुती जेवण देणाऱ्यांच्या खळ्यात. जेवण त्यांच्याकडे घ्यायचं, न्हाणीघराचे वेगळे दोनशे द्यायचे, सकाळी आंघोळ होते आणि आजी नारळाची वडी हातावर ठेवते. लहान गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवलं तर रात्री उगाच चौकशीला कुणी येत नाही. ११२ पाठ असू दे.

शौचाचं कुणी विचारत नाही पण सगळ्यांना तेच विचारायचं असतं, म्हणून सांगते. झाकणाची बादली, आत जाड पिशवी, आणि कोकोपीट. आपल्याकडे काथ्याचा भुसा स्वस्त. ओंजळभर टाकला की वास राहत नाही. सहा महिन्यांत मोजून नऊ वेळा लागली, पण ती आहे एवढ्यानेच रात्री झोप लागते.

व्होल्टमीटर | २३ सप्टेंबर, रात्री १०:२०

विजेचं कुणीच बोललं नाही!

लोक आधी बॅटरी घेतात मग हिशेब करतात. उलटं करा. १२ व्होल्टचा छोटा पंखा १५ वॅटचा, आठ तास म्हणजे १२० वॅट-अवर. मोबाइल, दिवा, रेडिओ मिळून ६०. एका रात्रीचे १८०. लिथियम फॉस्फेटची ५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण ६४० वॅट-अवर. तीन रात्री आरामात निघतात. तेवढ्याच क्षमतेची लेड ॲसिड घेतलीत तर ती निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे दीड रात्र, आणि वजन दुपटीहून जास्त.

चार्जिंग चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर वीज बनवणारं यंत्र), मध्ये डीसी-डीसी चार्जर (बॅटरीला मानवेल तशी वीज देणारा) घालून. थेट वायर जोडू नका. २० अँपिअरचा असेल तर दोन-अडीच तास गाडी चालली की ती भरते. सोलर तुम्हाला नको. तुम्ही माडाच्या सावलीत गाडी लावणार आणि पॅनेलला ऊन हवं, या भांडणात कायम माड जिंकतो.

फ्रिज नको. इंडक्शन तर विसराच, ते दीड-दोन हजार वॅट खातं.

कलमबहाद्दर | २३ सप्टेंबर, रात्री १०:४५

आणि घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घेऊन फिरू नका. छोट्या ब्युटेन कॅनवरची शेगडी घ्या, शिजवायचं मागचं दार वर करून, बाहेर. त्या कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि एप्रिलमध्ये बंद गाडी त्याच्याही वर जाते.

हिशेबी_काका | २४ सप्टेंबर, सकाळी ६:५०

फ्रिज नसला तर मासळीचं कसं? सुकट ठेवता येईल.

एकटीच_जाते | २४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

काका, सुकटीबरोबर एक रात्र बंद गाडीत झोपून दाखवा. मग बोलू.

तारकर्लीचो_झील | २४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

ताईनु, एक सांगतंय. गाडी खयची पण घेवा, वाळयेत घालू नका. आमच्याकडे सुट्टीयेक एक तरी गाडी अडाकता. मगे ट्रॅक्टर हाडूचो लागता, आणि तोपर्यंत भरती थांबणा नाय. सुकी वाळू घट्ट दिसता ती फसवी. ईकोचा चाक ल्हान, बसला की बसला.

भरतीचो हिशेब सोपो. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असात तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनाच्या सुमाराक पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तासान पुढे. पुनव नायतर अवस असली तर उधाण, तेव्हा जेटीच्या उतारार पण गाडी लावू नका.

चहाबाज | २४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मोबाइलवर भरतीचं ॲप आहे हो.

तारकर्लीचो_झील | २४ सप्टेंबर, दुपारी १२:४२

आणि रेंज?

अबोली_चिपळूण | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

घेतली!

कराडहून. २०२० ची ईको, पाच सीट, एसी, पेट्रोल, पांढरी पाटी, एमएच-५०. ६१ हजार किलोमीटर चाललेली, आणि मला ते आता बरंच वाटतं, निदान चालत तरी होती. चटई घेऊनच गेले होते. मालकीणबाई आधी बावचळल्या, मग त्याच बॅटरी धरून उभ्या राहिल्या. सगळीकडे टणटण. सीटबेल्ट सगळे ओढले. मागे आडवी पडले, पाय सरळ झाले. तिथून सरपटत पुढे गेले, हँडब्रेकमध्ये साडी अडकली पण पोचले. ३ लाख ३० हजार. आरसीवर कर्जाचा बोजा नाही आणि चलन थकलेलं नाही हे मोबाइलवर तिथेच बघितलं, मग पैसे दिले.

कुंभार्ली घाट उतरताना पहिल्यांदा एवढी मोठी गाडी चालवतेय असं वाटलं. लांबीला माझ्या जुन्या गाडीपेक्षा काही फार नाही म्हणा. पण नाक नसल्यामुळे रस्ता थेट पायाखालीच येतो. वळणावर मीच आधी पोचते आणि गाडी मागून येते.

पाना_पक्कड | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२२

अभिनंदन. कोट मारल्याशिवाय गुहागरच्या वाऱ्यावर उभी करू नका.

अबोली_चिपळूण | २८ डिसेंबर, दुपारी ४:४५

दाभोळच्या धक्क्यावरून लिहितेय. आधी दक्षिणेकडून सुरुवात केली, रेवसला नंतर जाईन. तेवढी शिस्त आता नको.

विचारणाऱ्यांसाठी खर्च : गाडी ३ लाख ३० हजार, नावावर करणं आणि विमा १४ हजार, पोटाचा कोट ६, सुतार आणि मरीन प्लाय १५, गादी साडेतीन, बॅटरी १३, चार्जर ९, पंखा-जाळ्या-बारीकसारीक ३. उरलेल्यात मागचे दोन टायर. चार लाखांतून पाचशे रुपये शिल्लक राहिले, त्याचं पेट्रोल घातलं.

सुतार आंब्याच्या पेट्या करणारे आहेत. त्यांना म्हटलं तीन खोके हवेत, एकमेकांना चिकटून उभे राहणारे, वर झाकण, आत सामान, वर गादी. ते म्हणाले पेट्याच त्या, आंबा मोठा आहे एवढंच. पहिल्या वेळी चौदा इंच उंच केले. गादी टाकून बसले तर डोकं छताला! आत जेमतेम चार फूट उंची, त्यातले चौदा इंच खोक्याचे, चार गादीचे. मुंडी वाकवून चहा पिता येतो पण रोज नाही. परत नेले, चार इंच कापून घेतले. आता केसांना वारा लागेल एवढी जागा आहे. तुम्ही केलेत तर आधी गादीवर बसा, डोक्यापर्यंत टेप लावा, मग सुताराकडे जा.

साधा प्लाय वापरायचा नाही हे माझ्याच सुतारांनी सांगितलं. नोव्हेंबरातही पहाटे आतून काचा घळाघळा वाहतात. एका माणसाच्या श्वासाचं पाणी एवढं असतं हे माहीत नव्हतं. दोन्ही बाजूच्या काचा बोटभर उघड्या ठेवून पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला, तेव्हा कमी झालं. गादी रोज उभी करून वाळवते. एक दिवस नाही केली तर खालून काळे ठिपके.

इंजिनची ऊब खरी आहे. थंडीत मात्र तिचाच शेक घेते.

हेदवीला विचारून आवारात राहिले. दोन रात्री. पहाटे साडेपाचला मागचं दार वर करून चहा ठेवला तर झाडलोट करणाऱ्या बाई येऊन उभ्या. त्यांना अर्धा कप दिला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा कप घेऊनच आल्या.

बोट लागतेय. आज अष्टमी, आठ पाऊण सहा. भरती सहाला, म्हणजे फळी बरीच सपाट असणार. झिला, तुझं गणित चालतंय रे.

तारकर्लीचो_झील | २८ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

चलतला, बापाशीचो हिशेब आसा तो.

निळी_छत्री | २८ डिसेंबर, रात्री ८:०५

मस्त! रात्री चालवत नाही ना? आणि मागच्या दाराला डासांची जाळी कशी लावली? भोक पाडायचं नाही म्हणालेत कलमबहाद्दर.

अबोली_चिपळूण | २९ डिसेंबर, सकाळी ६:०५

अंधाराच्या आधी थांबते, शब्द दिलाय.

जाळी आधी चुंबकांनी लावली होती. पंधरा दिवसांत चुंबकच गंजले, पत्र्यावर बारा तपकिरी टिकल्या उठल्या. आता दाराच्या रबराच्या आत जाळीची कड खोचते, खालच्या बाजूला साडीचा फॉल शिवून त्यात वाळू भरली आहे. वाळू मात्र धुऊन, सुकवून घ्या.

पाना_पक्कड | २९ डिसेंबर, सकाळी ८:३०

त्या बारा टिकल्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर लावा. आजच.